ऐनाच्या फांदीवरचा कोसा : टसर पतंगाचा वर्षक्रम

रानपाखरू, ३ मे

एप्रिलच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या पानझडी रानात फिरत असताना एका ऐनाखाली मी बराच वेळ थांबले. झाडावर एकही पान नव्हते. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, उघड्या फांद्या, आणि त्यांतल्या एका बारीक फांदीला लोंबकळणारे, कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढे, राखाडी-पिवळसर काहीतरी. प्रथम ते सुकलेले फळ वाटले. पण ऐनाच्या फळाला पंखांसारख्या कडा असतात, आणि हे तर सरळ अंडाकृती होते. दुर्बिणीतून पाहिल्यावर वर काळपट देठ दिसला. तो देठ वर जाऊन फांदीभोवती कड्यासारखा घट्ट वळलेला होता. तेव्हा हा टसर पतंगाचा कोसा, म्हणजे त्याच्या अळीने रेशमाने विणलेले घर आहे, हे लक्षात आले.

हा धागा काढण्याचे कारण मात्र गेल्या वर्षीचे आहे. असाच एक कोसा मी घरी आणला होता आणि नीट राहावा म्हणून झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवला होता. जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यानंतरच्या एका संध्याकाळी त्यातून पतंग बाहेर आला. मी खोलीत पोहोचले तेव्हा तो डब्याच्या गुळगुळीत भिंतीवर चढण्याची धडपड करत होता आणि पुन्हा पुन्हा घसरून पडत होता. त्याचे पंख ओल्या कापडाच्या घडीसारखे अंगाला चिकटलेले होते. मी त्याला काडीवर घेतले, पण तोवर पंख तसेच वाळले होते. तो पाच दिवस जगला आणि एकदाही उडाला नाही. ती चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते.

या वर्षीचा कोसा मी झाडावरच ठेवला आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पंख का उलगडले नाहीत? मे महिन्याच्या त्या उन्हात कोशातला जीव खरोखर जिवंत असतो का? आणि हा पतंग नेमका कुठवर आढळतो?

ऐनसादडा, ३ मे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. कोशातून बाहेर पडलेल्या पतंगाचे पंख लहान, जाड आणि मऊ असतात. त्याला लगेच एखाद्या खडबडीत आधारावर चढून पंख खाली सुटे लोंबतील अशा बेताने लटकावे लागते. मग तो पंखांच्या शिरांमध्ये शरीरातला द्रव ढकलतो, पंख हळूहळू पसरतात आणि नंतर वाळून ताठ होतात. या कामाला मिळणारा वेळ थोडा असतो. त्या अवधीत लटकायला जागा मिळाली नाही, तर पंख घडीतच वाळतात आणि पुढे काहीही केले तरी ते उलगडत नाहीत. रानात ही अडचण सहसा येत नाही, कारण कोसा फांदीलाच टांगलेला असतो. पतंग देठाकडच्या टोकातून बाहेर येतो, कोशाच्या खरखरीत पाठीवर किंवा फांदीवर पाय रोवतो आणि तिथेच लटकतो. म्हणजे अळीने महिनोन्‌महिने आधी विणलेले घर पतंगाच्या पहिल्या अर्ध्या तासाचाही आधार असते.

आता देठाविषयी, कारण माझ्या मते या पतंगाची सगळ्यांत पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे. पूर्ण वाढलेली अळी कोसा विणण्यापूर्वी पोट रिकामे करते. मग दोन-तीन पाने रेशमाने ओढून जवळ आणते आणि त्यांचा झोळीसारखा आडोसा करते. त्यानंतर ती लगेच कवच विणायला घेत नाही. आडोशातून पुढचे अंग बाहेर काढून ती फांदीपर्यंत जाते, तिथे रेशमाचे थरावर थर देत कडे तयार करते, आणि त्या कड्यापासून खाली येणारा जाड, टणक देठ विणते. हे झाल्यावरच ती आत शिरून कवच विणते. ऐन हे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळणारे झाड आहे. कोसा केवळ पानाला चिकटवला असता, तर तो पानाबरोबर जमिनीवर आला असता आणि वाळवी, मुंग्या, उंदीर किंवा वणवा यांच्या तावडीत सापडला असता. पान गेले तरी फांदी राहते, म्हणून तो फांदीला बांधलेला असतो.

निशाचर, ४ मे

रानपाखरू, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, जिवंत असतो’ असे आहे. मात्र तो ज्या अवस्थेत असतो तिला नुसती झोप म्हणणे अपुरे ठरेल.

कवचाच्या आत अळी शेवटची कात टाकते आणि तिचा प्युपा, म्हणजे अळी व पतंग यांच्या मधली अवस्था, होतो. पावसाळी पिढीतला प्युपा साधारण तीन-चार आठवड्यांत पतंग होऊन बाहेर पडतो. हिवाळ्याच्या तोंडाशी झालेला प्युपा मात्र थांबतो. त्याची वाढ जवळजवळ पूर्ण बंद होते, श्वसन अगदी मंदावते, आणि अन्नपाण्याचा कण न घेता तो अळीपणी साठवलेल्या चरबीवर सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ काढतो. याला डायपॉज म्हणतात. थंडी पडली म्हणून प्युपा गारठला, असा हा प्रकार नाही. अळी पाने खात असतानाच लहान होत जाणाऱ्या दिवसांची नोंद तिच्या शरीरात होते आणि थांबायचे ते तेव्हाच ठरते. उन्हाळा सरताना तापमान आणि हवेतला ओलावा बदलतो, तेव्हा मेंदूतून संप्रेरकांचा निरोप सुटतो आणि अडलेली वाढ पुन्हा सुरू होते. तुमचा पतंग पहिल्या पावसानंतरच बाहेर आला, यात योगायोग नाही.

याच प्रजातीचा एक चुलत भाऊ चीनमध्ये ओकच्या पानांवर वाढतो, त्याचे नाव अँथेरिया पर्नाय. सी. एम. विल्यम्स आणि पी. एल. अॅडकिसन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की त्याच्या प्युपाला दिवसाची लांबी थेट मेंदूकडून कळते. मेंदूच्या बरोबर वर प्युपाच्या कातडीचा एक छोटा भाग पारदर्शक असतो आणि कोशातून झिरपणारा मंद उजेड त्यातून आत पोहोचतो. डोळे अजून तयार झालेले नसताना मेंदू स्वतःच दिवस मोजतो, ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा कितीतरी वेळ दुसरे काही सुचले नव्हते.

बाहेर पडण्याची रीतही तितकीच विलक्षण आहे. टसरचा कोसा इतका टणक असतो की तो नखाने दाबला जात नाही, आणि पतंगाला तर चावायला तोंडही नसते. १९६४ मध्येच काफाटोस आणि विल्यम्स यांनी अँथेरिया वंशातल्या पतंगांवर काम करून याचा उलगडा केला. पतंगाच्या तोंडाचे जे अवयव इतर पतंगांत सोंड बनतात, ते इथे अन्नासाठी वापरलेच जात नाहीत. त्यांच्यावर कोकूनेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होऊन वाळून बसते. बाहेर पडायच्या वेळी दुसऱ्या एका ग्रंथीतून द्रव पाझरतो, विकर त्यात विरघळते आणि रेशमाचे धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा सेरिसीन हा डिंकासारखा भाग त्याने सैल होतो. धागे तुटत नाहीत, फक्त सुटे होतात, आणि पतंग ते बाजूला सारत बाहेर येतो. कोशाच्या टोकाला तुम्हाला ओलसर डाग दिसला, तर त्या रात्री तिथून हलू नका.

पानगळ, ४ मे

एक शंका आहे. रेशीम खात्याच्या पुस्तिकांमध्ये या पतंगाचे नाव अँथेरिया मायलिटा असे असते, तर पतंगांच्या काही सूचींमध्ये अँथेरिया पॅफिया असे दिसते. या दोन प्रजाती आहेत की एकच?

निशाचर, ५ मे

हा घोळ जुना आहे. पॅफिया हे नाव लिनियसने १७५८ मध्ये दिले आणि मायलिटा हे ड्रूरीने १७७३ मध्ये. दोन्ही नावे एकाच पतंगाची आहेत असे मानले, तर आधी दिलेले नाव ग्राह्य धरणाऱ्या अग्रक्रमाच्या नियमानुसार पॅफिया हे नाव टिकते, आणि बरेच पतंग-अभ्यासक तेच वापरतात. भारतातल्या रेशीम-संशोधनात मात्र मायलिटा इतके रुळलेले आहे की शोधनिबंध, पुस्तिका, बियाण्याच्या नोंदी सगळीकडे तेच आढळते. विल्यम रॉक्सबर्ग यांनी बंगालमधल्या ‘तुसेह’ आणि ‘अरिंडी’ या रेशीमकिड्यांवर लिहिलेला लेख १८०४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्यातला तुसेह म्हणजे आपला टसर. माझा सल्ला असा आहे की आपल्या नोंदीत दोन्ही नावे लिहावीत. एकच लिहिले, तर निम्म्या वाचकांना ती नोंद सापडणार नाही.

ऐनसादडा, ६ मे

आढळाविषयी लिहायचे राहिले होते. हा पतंग भारतीय उपखंडातला आहे आणि तो श्रीलंकेतही आढळतो. त्याचा खरा बालेकिल्ला मध्य आणि पूर्व भारतातला पानझडी जंगलांचा पट्टा आहे : झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, बंगालचा पश्चिम भाग, मध्य प्रदेश, तेलंगण आणि आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया हे जिल्हे. जंगली अवस्थेत तो सह्याद्रीतही दिसतो, आणि देशी बदामाचे झाड असेल तर शहरातसुद्धा. ऐन आणि अर्जुन ही त्याची मुख्य खाद्यझाडे आहेत, आणि पूर्वेकडे त्यांत सालची भर पडते. त्याखेरीज बोर, जांभूळ, धावडा, बेहडा, हिरडा अशा कितीतरी झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात.

इतक्या मोठ्या प्रदेशात पसरलेला हा जीव सगळीकडे सारखा नाही. त्याचे चाळीसहून अधिक स्थानिक वाण नोंदवले गेले आहेत. सिंगभूमकडचा डाबा, ओडिशातला सुकिंदा, सिमिलीपालच्या डोंगरातला मोडाल, बस्तरच्या सालवनातला रैली, आणि आपल्या भागाचे नाव मिळालेला भंडारा हे त्यांपैकी काही. या वाणांत कोशाचा आकार, रंग आणि टणकपणा निरनिराळा असतो. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वर्षाला होणाऱ्या पिढ्यांची संख्या. उंच, थंड डोंगरांवर वर्षाला एकच पिढी होते, मधल्या उंचीवर दोन, आणि सखल, उबदार भागात तीन. मोडाल एकाच पिढीचा आहे, तर डाबा दोन पिढ्यांचाही असतो आणि तिनांचाही. म्हणून कुणी ‘टसर पतंग कोणत्या महिन्यात बाहेर पडतो’ असे विचारले, की मी आधी ‘कुठला?’ असे विचारतो. रांचीजवळ १९६४ पासून टसरवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथे एका वाणाची वागणूक दुसऱ्या प्रदेशात नेल्यावर कशी बदलते, हा अभ्यासाचा मोठा विषय आहे.

याच कारणासाठी एक विनंती आहे. एका जिल्ह्यातला जंगली कोसा हौसेने दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन सोडू नये. त्याचे घड्याळ मूळ जागेच्या पावसाला आणि पालवीला जुळलेले असते.

धानाचीबांधी, ८ मे

मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे. आमच्या घरी माझ्या आजोबांपर्यंत कोशाचे पीक घेतले जात असे. आमच्या भागात हे काम प्रामुख्याने ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. पुस्तकातली माहिती वर आलीच आहे, म्हणून मी जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

मादी रात्री अंडी घालते आणि ती चिकट स्रावाने जागच्या जागी बसतात. अंडे चपटे, तपकिरी, मोहरीहून बरेच मोठे, आणि त्याच्या कडेने फिरणाऱ्या गडद रेघा असलेले असते. एका मादीची दीडशे ते अडीचशे अंडी होतात. आठ-दहा दिवसांनी, बहुतेक सकाळीच, अळ्या बाहेर पडतात. आजोबा त्या वेळेच्या आधी अंडी पानांच्या द्रोणात घालून ते द्रोण ऐनाच्या कोवळ्या फांद्यांना टाचत असत, म्हणजे अळ्या आपणहून पाल्यावर चढत. पहिल्या दिवसाची अळी पिवळसर तपकिरी आणि काळ्या डोक्याची असते. ती आधी आपल्याच अंड्याचे टरफल कुरतडते. पहिली कात टाकल्यावर ती हिरवी होते. एकूण चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत ती अंगठ्याएवढी जाड आणि वीतभराच्या निम्म्याहून लांब होते. अंगाच्या कडेला आरशाच्या टिकल्यांसारखे चकचकीत ठिपके दिसतात. इतकी मोठी अळी हातभरावर असूनही दिसत नाही, कारण ती पानाच्या मधल्या शिरेला उलटी लटकून पुढचे अंग आक्रसून बसते आणि उजेड मागून आला की पानासारखीच दिसते. आम्ही मुले झाडाखाली पडलेल्या लेंड्या पाहून वर अळी शोधत असू. ताजी, मोठी लेंडी दिसली की तिच्या बरोबर वर पाहायचे.

पावसाळी पिकात अळीपण महिनाभरात आटोपते. थंडीच्या पिकात ते दीड-दोन महिन्यांपर्यंत लांबते. एका झाडाचा पाला संपला, की अळ्या बसलेल्या डहाळ्या अलगद कापून दुसऱ्या झाडावर ठेवाव्या लागतात. अळी ओढून काढायची नसते. तिच्या मागच्या पायांची पकड इतकी घट्ट असते की ओढल्यास तिला इजा होते.

पानगळ, ८ मे

आणि तिचे शत्रू? इतकी अंडी घातली जातात, मग पतंग इतके क्वचित का दिसतात?

धानाचीबांधी, ९ मे

दिवसभर गोफण घेऊन राखण करावी लागे, यावरूनच अंदाज येईल. कावळे आणि इतर पक्षी अळ्या उचलतात. लहान अळ्यांना लाल मुंग्या आणि गांधीलमाश्या सोडत नाहीत. सोंड खुपसून अळी शोषून घेणारे ढेकूण असतात. उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्ले अळीला आतून खातात. कोसा विणला जात असताना गांधीलमाशीसारखी दिसणारी एक पिवळी वास्प येऊन कवचातून नांगी खुपसते आणि आत अंडे सोडते. नंतर त्या कोशातून पतंगाऐवजी वास्प बाहेर पडते.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पेब्रिन. हा रोग मादीकडून अंड्यात उतरतो, म्हणून अळी जन्मतःच रोगी असते. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून फ्रान्समध्ये तुतीच्या रेशीमकिड्यांवर काम करताना जी पद्धत बसवली, तीच आजही वापरली जाते. अंडी घालून झालेल्या प्रत्येक मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात आणि रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करतात. आजोबांच्या काळी घरचेच कोसे बियाण्याला ठेवत. दोन वर्षे लागोपाठ अळ्या काळवंडून फांदीवरच मेल्या आणि त्यानंतर आमच्या घरी पीक घेणे बंद झाले. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले की सोवळे पाळण्यात आपल्याकडून काही चूक झाली. रोग अंड्यातूनच आला असावा, हे त्यांना वेळेवर कुणी सांगितले असते तर किती बरे झाले असते.

निशाचर, ९ मे

धानाचीबांधी, आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आजोबांच्या अशा जितक्या आठवणी असतील तितक्या इथे लिहाव्यात, ही विनंती.

रानपाखरू, २ जुलै

उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. तिथल्याच एका परिचितांच्या अंगणातून मला तो ऐन दिसतो, म्हणून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेले. झाडाला तोवर तांबूस कोवळी पालवी आली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाऊस थांबल्यावर, कोशाच्या देठाकडच्या टोकाला ओला डाग दिसला. निशाचर यांनी लिहिले होते म्हणूनच मी तिथे थांबले.

अंधार पडल्यावर थोड्याच वेळात आतून खरखर ऐकू आली. टोकाचे धागे फुगले, सुटे झाले आणि त्यांतून एक ओले, केसाळ डोके वर आले. बाहेर पडल्यावर मादी क्षणभर तिथेच थांबली, मग वळून कोशाच्या पाठीवर उतरली आणि लटकली. पंख सुरुवातीला माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेच मोठे होते. लाल कागद गुंडाळलेल्या टॉर्चच्या उजेडात मी ते खाली खाली उतरताना पाहिले. सुरकुत्या मुळापासून टोकाकडे सरकत गेल्या, आणि चारही पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके आधी चुरगळलेले होते ते गोल झाले. त्या प्रत्येक डोळ्याच्या मध्यभागी खवले नसतात, नुसता पारदर्शक पडदा असतो. टॉर्च मागून धरल्यावर त्यातून मला पलीकडचे पान दिसले. पंख पिवळसर होते आणि मिशा अरुंद, म्हणून ती मादी असे मी ठरवले.

ती तिथून हललीच नाही. पोटाचे टोक थोडे बाहेर काढून ती रात्रभर तशीच लटकून राहिली. पहाटेच्या थोडे आधी विटकरी रंगाचा, पिसासारख्या रुंद मिशांचा नर आला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, नागमोडी वळणे घेत तो आला, दोनदा झाडाला ओलांडून पुढे गेला आणि परतला. तिचा गंध त्याला कुठून लागला असेल, याचा विचार मी अजूनही करते आहे, कारण त्या भागात आठ दिवस फिरून मला दुसरा कोसा सापडला नव्हता. उजाडल्यावरही जोडी एकत्रच होती. संध्याकाळी मी परतले तेव्हा नर निघून गेला होता, आणि रात्री मादी जड उडत बाजूच्या डहाळीवर गेली.

मला शेजारच्या तीन डहाळ्यांवर मिळून ४१ अंडी मोजता आली. बाकीची तिने कुठे घातली ते सापडले नाही. धानाचीबांधी यांनी सांगितलेल्या गडद रेघा प्रत्येक अंड्यावर स्पष्ट होत्या. परवा, म्हणजे ३० जूनला, सकाळी सातच्या सुमारास पहिली अळी बाहेर आली. तिने टरफलाचा निम्मा भाग खाल्ला, मग ती पानाच्या कडेवर चढली आणि तिथे खायला लागली. रिकामा कोसा अजून फांदीलाच आहे. मी तो काढलेला नाही.

धानाचीबांधी, २ जुलै

लाल मुंग्यांवर लक्ष ठेवा. त्या त्याच ऐनावर घर करून असतील, तर पहिले चार दिवस सगळ्यांत धोक्याचे असतात. आणि दुसऱ्या कातीच्या वेळी अळ्या दिवसभर हलल्या नाहीत, तर घाबरू नका आणि त्यांना हातही लावू नका. त्या वेळी त्या खात नाहीत.